ताप आल्यास घाबरू नये

४ मार्च
मामाचा पहिला केमो. चार तास सलाईन, सोबत मी. मामी म्हणाली, तुला आता कुठे कॉलेज आहे, तूच जा. टोमणा होता. मोठ्या मनाने सोडून दिला. (कॉलेज मी सोडलं. कॉलेजने मला नाही.)
वॉर्डाबाहेर रुग्ण-माहितीचं काउंटर आहे. त्यामागे ती. निळा स्वेटर, कानामागे पेन्सिल. पेशंट फोनवर जे काय वाचून येतात ते ती तपासते. त्यासाठी चार प्रश्नांचा फॉर्म: कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कशाच्या आधारावर, आणि शेवटी विकतायत काय. मी विचारलं, कॅन्सरवर नेटवर काही बरं आहे तरी का? म्हणाली, आहे, शोधावं लागतं. आणि हसली. माझ्याकडेच बघून. मागे फक्त भिंत होती.
मला एक घरी वाचायचं पत्रक दिलं. जपून ठेवलंय.

५ मार्च
अकरा साइट्स चाळल्या. एक म्हणतो साखर सोडा. दुसरा म्हणतो लिंबू धरा. तिसरा दोन्हीबद्दल घाबरवतो आणि खाली स्वतःची पावडर विकतो. एका बाईने म्हणे सकारात्मक विचारांनी कॅन्सर पळवला. शेवटच्या ओळीत कळतं, गाठ साधीच होती. लिहिणारे गाढव, वाचणारे त्यांचे मोठे भाऊ.
अकरा फॉर्म भरून नेले. तिने दोन वाचले आणि म्हणाली, शिव्या नकोत, उत्तरं हवीत. म्हणजे भाषा आवडली.

७ मार्च
दुसऱ्यांची घाण किती उपसायची? स्वतःची साइट काढली. माझं नाव टाकलं तर कुत्रं वाचणार नाही, म्हणून लेखक: 'वरिष्ठ तज्ज्ञ, पंधरा वर्षांचा अनुभव'. हिशोब सरळ आहे. वय एकवीस, त्यातली पहिली सहा वर्षं मी स्वतःच वजा केली.
पानं चार: भूक, केस, उलटी, ताप. पहिल्या तीन पानांसाठी भरपूर वाचन केलं. तापापर्यंत येईतो जेवायची वेळ झाली. ते तर्काने लिहिलं: ताप म्हणजे औषध आणि रोग यांची झुंज. घाबरू नये. तीन दिवस वाट पाहावी.
वाचून मलाच धीर आला.

१० मार्च
वाचक नऊ. हजार झाले की तिला सांगणार, आधी नाही. आज तिच्या काउंटरला टेकून एक शिकाऊ डॉक्टर चहा पीत होता. पांढरा कोट घातला की खांबसुद्धा हुशार दिसतो.
मामा म्हणाला, एका साइटवर फार छान लिहिलंय रे. कोणती ते विचारलं नाही. असल्या साइट्सबद्दल माझं मत घरात सगळ्यांना पाठ आहे.

१३ मार्च, दु. १२
मामाला ताप. १०१. मामी म्हणाली, वॉर्डात फोन लावते, शंभरच्या वर गेला की लगेच कळवा म्हणालेत. मामा म्हणाला, थांब गं, तीन दिवस बघू, मोठ्या तज्ज्ञाने लिहिलंय. फोन माझ्यापुढे धरला.
माझं पान.

दु. १२.१०
क्षणभर बरं वाटलं. खरं म्हणजे चांगलं मिनिटभर. मग पत्रक काढलं. घडी आज पहिल्यांदा उलगडली. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात, ताप आला तर ताबडतोब या, जिवावर बेतू शकतं.
मामाला म्हणालो, ऐकू नकोस त्याचं, तो गाढव आहे. मामा म्हणाला, त्याला पंधरा वर्षांचा अनुभव आहे, तुला दोन वर्षं कॉलेज झेपलं नाही.

दु. १२.२०
मामा थरथरतोय. दोन पांघरुणं घातली तरी. सांगून टाकलं की ते मीच लिहिलंय. म्हणाला, इतकं शुद्ध? तू? शेवटी त्याच्यासमोर लॉगिन केलं, 'तीन दिवस वाट पाहावी' खोडलं, 'आत्ताच्या आत्ता निघावं' लिहिलं. त्याच्या फोनवर ओळ बदलली.
मामा शिंपी. जन्मभर माणसं मापली. मला त्याने तसंच बघितलं, खांद्यापासून घोट्यापर्यंत. मग म्हणाला, चपला दे.

१६ मार्च
मामा वॉर्डात. सलाईनमधून अँटिबायोटिक. ताप उतरला, दुसरा केमो लांबला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी एक दिवस थांबला असता तर... मामी माझ्याशी बोलत नाही. डबा मात्र देते. त्यापेक्षा दोन थोबाडीत परवडल्या असत्या.

१७ मार्च
तिला सगळं सांगितलं. प्रामाणिकपणावर भाळेल असा अंदाज होता. तिने पुढ्यात फॉर्म सरकवला: भरा, तुमच्याच साइटचा. तीन उत्तरं भरली. चौथ्यापाशी अडलो. विकत तर काहीच नव्हतो. ती म्हणाली, विकत होतात की, स्वतःला. आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.
साइट बंद करा म्हणाली असती तर सुटलो असतो. म्हणाली, दुरुस्त करा.

२० मार्च
दुरुस्त केली. चारही पानं पत्रकावरून, वॉर्डाचा फोन नंबर सगळ्यात वर. शिकाऊ डॉक्टरने तपासून दिली. माणूस वाईट नाही. खाली तारीख. लेखक: माझं नाव. शिक्षण: बारावी. अनुभव: एक मामा.
मामाच्या पलंगापाशी नेऊन दाखवलं. चष्मा लावून त्याने सगळं दोनदा वाचलं. म्हणाला, हं, आता बरोबर आहे. पण लेका, आता हे वाचणार कोण?