बैलाला मखमल

६ ऑगस्ट १९८४, सोमवार

बैलाला मखमल! मालक परभनीला युरिया आनायला गेले, अन् पिशवीतून निघाली डाळिंबी रंगाची मखमल. मला वाटलं सुनंला आनली. पंचमीला साडी घेतली न्हाई म्हनून कमल चार दिस तोंड पाडून बसलीय. म्हनलं, ही कुनाला? तर खाली बघून म्हनले, "चांद्याला. पोळ्याला झूल शिवायची."

चांद्या आमचा म्हातारा बैल. दात गेले. दोन सालापासून औताला न्हाई. नुसता गोठ्यात बसून खातो. जी जोडी राबती तिच्या पाठीवर जुन्या झुली, अन् बसून खानाऱ्याला मखमल. कुठला न्याय हाय हा?

"युरिया आनला का?"

"आनला की. एक पोतं."

दोन सांगितले व्हते.

लय बोलले मी. त्यांच्या सोताच्या धोतराला ठिगळ हाय, म्याच लावलेलं. म्हनले, "हौस हाय गं, दत्ताची माय." लग्न झाल्यापासून ऐकायलेय. घुंगरमाळा झाल्या, गोंडे झाले, शिंगाला पितळी टोपनं झाली. गावातली मानसं पत्ते खेळत्यात, हे बैल सजवत्यात. नाद तो नादच.

७ ऑगस्ट

बोलनं बंद हाय. मालकाचं न्हाई, माझंच.

१० ऑगस्ट

कमल भांडे आपटायली दोन दिसापासून. आज धरलं तिला. म्हनलं, काय असंल ते बोलून मोकळी हो.

म्हनली, "आत्याबाई, म्या नायलॉनची साडी मागितली तर तुमी म्हनलात, पेटीत दोन नव्या हायेत, फजूल खर्च कशाला. बैलाच्या पेटीत किती झुली हायेत?"

म्या म्हनलं, तो त्यांचा शौक हाय, मला इचारून आनली न्हाई.

"मग मामंजीला शौक असावा, अन् मला नसावा?"

जा, चहा टाक, म्हनलं. चहा टाकला. साखर लय कमी.

दत्ता संध्याकाळी मोठ्यानं बोलला बापाला. चांद्याचा सौदा झालाय, सटवाजी व्यापाऱ्यासंग. पोळा झाला की आठ दिसाच्या आत घिऊन जानार. सटवाजी म्हातारे बैलच घेतो. पुढं कुठं नेतो ते गावात कुनी इचारत न्हाई, कारन समद्यांला म्हाईत हाय. हा सौदा म्याच लावून धरला व्हता उन्हाळ्यात. कडबा पुरत न्हाई. खोटं काय त्यात?

मालक म्हनले, "इकायचा ते इका. म्या आडवलं का? शेवटचा पोळा तेवढा नीट करू द्या."

दत्ता म्हनला, "आठ दिसासाठी मखमल? तुमी बी कमाल करता, आन्ना."

बरोबर बोलला पोरगा. तरी मला त्याचा राग आला. कामून आला ते कळलं न्हाई.

१३ ऑगस्ट

जब्बारभाई शिंपी आला गोठ्यात माप घ्यायला. बैलाचं माप! गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, जनू नवरदेवाचं घ्यायलाय. चांद्यानं टेप चाटला.

"भाबी, इसकू बोलो ना सीधा खडे रहनेकू. पेट अंदर लेता, फिर छोडता."

म्या म्हनलं, जेवायच्या आधी माप घ्यायचं, जेवल्यावर न्हाई. तर खरंच मानूस थांबला. म्हनला, "ये बात सही है." मालक हसले. मला बी हसू आलं, पर तोंड फिरवलं. आपलं अजून बोलनं बंद हाय.

झूल पाठीवरून पोटाखाली येनार, गळ्याशी गोल कापनार, मागं शेपटापशी झालर. काठाला सोनेरी गोट. गोट बोरीत मिळत न्हाई, परभनीचाच पायजे म्हने. घ्या.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला शाळेची लेकरं गेली वाड्यावरून. समदी पांढरी. कुनाचं नवं, कुनाचं नीळ घातलेलं. मास्तराच्या टोपीला खळ. ह्याला कुनी उधळपट्टी म्हनत न्हाई. मग कशाला म्हनायचं?

१९ ऑगस्ट, ऐतवार

रानात खुरपायला सगुणाबाई व्हती. बौद्धवाड्यातली. माझ्या बराबरीची बाई, तीस सालं झाली आमच्या रानात येती. तोंडाची फटकळ, माझ्यासारखीच, म्हनून पटतं.

तिला सांगितली मखमलीची गोष्ट. वाटलं हसंल. हसली न्हाई.

"कस्तुराबाई, आमी चौदा एप्रिलाला नवं पांढरं लुगडं नेसतो. घरात पीठ नसलं तरी नेसतो."

म्हनलं, कशाला गं? पीठ आनावं न्हाई का?

खुरपं थांबवलं तिनं. "माझ्या सासूनं जन्मभर दुसऱ्याचं उतरलेलं नेसलं. तुमच्या सासूचं बी नेसलं. मी नेसते ते माझं असतं. त्या एका दिसाला पोटाचं काय घिऊन बसायचं?"

मग म्हनली, तिचा सूर्यभान नामांतराच्या मोर्च्याला जानार हाय परभनीला. म्हनलं, नुसत्या नावासाठी पोरगं धाडतीस? त्या साली घरं जळाली ते इसरलीस काय?

"इसरले न्हाई म्हनून तर धाडते." अन् पुन्यांदा खुरपाय लागली. माझ्या पुढं गेली दोन ओळी.

घरी येताना समदं डोस्क्यात फिरत व्हतं. तिचं खरं वाटलं. पर तिचं लुगडं येगळं अन् बैलाची झूल येगळी. येगळी हाय ना? का हाय ते मला नीट सांगता येईना. अन् माझ्या सासूचं लुगडं तिच्या सासूला जायचं, ते मला म्हाईत व्हतं. आपन चांगलं करायलाव असंच वाटायचं तवा.

२२ ऑगस्ट

परभनीला मोर्चा. एस्ट्या परभनीच्या अलीकडं फाट्यावरच थांबल्या. गोट आला न्हाई. उद्या बी भरवसा न्हाई म्हने.

जब्बारभाई झूल घिऊन आला तशीच. "भाबी, गोट बिगर तो ये रजई दिखती." खरंच. लाल गोधडी दिसायली. कडंचे धागे लोंबायलेत.

मालकांनी झूल हातात घेतली, घडी केली, खुंटीवर टाकली, रानात गेले. जेवायला बी आले न्हाई. म्या म्हनलं, बरं झालं, फिटली हौस. मोठ्यानं म्हनलं. ऐकायला कुनी नव्हतं घरात.

मला अर्धवट काम बगवत न्हाई. करू नगा, नाहीतर नीट करा.

२३ ऑगस्ट

पेटी उघडली. माझा लग्नातला शालू. बंद केली.

२४ ऑगस्ट

कापला.

लिवते, म्हंजी डोस्कं ठिकानावर येईल. शालू दोनदाच नेसले आयुष्यात. लग्नात, अन् दत्ताच्या बारशाला. बानं हैद्राबादहून आनला व्हता. तवापासून पेटीत. दर दिवाळीला उन दाखवायचं, घडी बदलायची, पुन्यांदा ठिवायचा. अशा बायका मला आवडत न्हाईत ज्या नटत्यात, म्हनून मी नेसले न्हाई. मग ठिवला कशाला? चाळीस सालं उन दाखवलं मी त्याला.

काठ खऱ्या जरीचा. अजून काळा पडला न्हाई. कात्री लावली. घाईच झाली. दोन्ही काठ सलग काढले.

कमल दारात उभी. किती येळ उभी व्हती काय की.

"आत्याबाई, मला दिला असता हा शालू."

तिच्या बोलन्यात टोमना नव्हता. टोमना असता तर बरं झालं असतं, म्या फिरून बोलले असते. म्या म्हनलं, तू मागितला न्हाईस. ती म्हनली, "हाय हेच मला म्हाईत नव्हतं."

पदर राहिलाय, तेवढा पुढं केला. घेतला न्हाई. पर बसली खाली मांडी घालून, अन् सुईत दोरा ओवून दिला, माझ्या डोळ्याला दिसत न्हाई आता. एका कडंनं ती, एका कडंनं मी. तिचा टाका माझ्यापेक्षा बारीक हाय. दिवाळीला साडी घ्यायची तिला. नायलॉनची तर नायलॉनची.

बैलाला काठ दिला अन् सुनंला पदर. कुनी ऐकलं तर मला येडी म्हनंल. मी बी म्हनले असते.

२५ ऑगस्ट, खांदमळन

मालकांनी समद्या बैलांचे खांदे हळद अन् तुपानं मळले. नवी जोडी उरकली भराभरा. चांद्यापशी लय येळ बसले. त्याच्या खांद्यावर आता केस बी न्हाईत, जू घासून घासून गुळगुळीत झालाय. कानात म्हनले, "आवतन घ्या, उद्या जेवायला या." दरसाली म्हनत्यात. आज दोनदा म्हनले.

म्या झूल नेऊन दिली. काठावर बोट फिरवलं त्यांनी. वळखलाच. मला वाटलं आता काही बोलतील. बोलले चांद्याला.

"बघ रे. बाईनं शालू फाडला तुझ्यासाठी."

म्या म्हनलं, फाडला न्हाई, कापलाय.

एकोनीस दिसांनी हे आमचं पयलं बोलनं.

२६ ऑगस्ट, पोळा

झूल बसली. अशी बसली, जनू अंगाबरोबरच वाढली. गळ्याशी एक सुरकुती न्हाई. जब्बारभाईला दोन पुरनपोळ्या जास्त धाडल्या.

मारुतीपुढं समदी बैलं उभी. दिनकरराव पाटील म्हनले, "बन्सीधरराव, नवरदेव म्हातारा झाला की तुमचा." मालक म्हनले, "वरबाप बी म्हाताराच हाय." लोक हसले.

तोरन तुटलं तशी पळाली बैलं. चांद्या पळाला न्हाई. चालला. पोरं पुढं, धूळ पुढं, अन् मागं एकटा चांद्या अन् मालक. दोघाची चाल एकच. ऊन काठावर पडलं. मागून सगुणाबाई म्हनली, "कस्तुराबाई, तुमचा बैल तर राजावानी चालायलाय." म्या म्हनलं, गुडघे दुखत्यात त्याचे.

माझ्या लग्नात मला कुनी नीट बघितलं नसंल तेवढं आज त्या काठाला बघितलं गावानं.

कशानं डोळ्याला पानी आलं, सांगता येत न्हाई. धूळ व्हती बी लय.

२७ ऑगस्ट

झुलीला हळदीचा डाग पडलाय. धुनार न्हाई.

२९ ऑगस्ट

दत्ता शांतपनं बोलला आज. कडबा जानेवारीपतोर पुरंल. दोन नवे, एक गाय, वासरू. म्हातारं जनावर पोसायचं म्हंजी बाकीच्याच्या तोंडचं काढायचं. एकेक गोष्ट खरी. मीच ह्या गोष्टी त्याला शिकवल्या. परवा येनार सटवाजी.

मालक गोठ्यात झोपायलेत. म्हनत्यात घरात उकडतं.

झूल पेटीत ठिवली. उरलेल्या शालूवर. मग काढली. मग पुन्यांदा ठिवली. काय चाललंय माझं!

३१ ऑगस्ट, शुक्रवार

सटवाजी आला दोर घिऊन. मी दारातच व्हते. म्हनलं, जनावर इकायचं न्हाई.

दत्ता म्हनला, "माय, तूच तर म्हनली व्हतीस!"

म्हनलं, झूल त्याच्या मापाची शिवलीय. दुसऱ्या बैलाला बसत न्हाई. एवढं चांगलं कापड फुकट जाईल.

"टाकून बगितलीस का नव्या जोडीवर?"

"बगितली."

बगितली न्हाई.