पिवळ्या खोलीतला दुमजली पलंग

लातूर,
चैत्र सरत आला, ऊन सरत नाही

बिलकीसआपा हिला,

तीर्थरूप लिहावं तर तू चिडशील, आणि प्रिय लिहावं तर डोक्यावर बसशील. तू माझ्याहून तीन महिन्यांनी मोठी म्हणून आपा लिहिलं आहे, त्यावर समाधान मान. नमस्कार आणि आदाब दोन्ही पाठवते. आवडेल तो ठेव, उरलेला नाजियाला दे (सुनेला आपण होऊन काही द्यायची तुला सवय नाही, म्हणून आठवण करते). गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी जिलबी बंद केली असं तू लिहिलंस, पण त्या ओळीखालीच पाकाचा डाग होता. मी बरी आहे. एक दाढ गेली, जीभ शाबूत आहे. हैदराबादच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात सिस्टरांनी आपल्याला इंग्रजी पत्र शिकवलं, त्यात तीन परिच्छेद असत: हवा, तब्येत आणि आभार. भांडण कुठे बसवायचं हे त्यांनी शिकवलंच नाही, म्हणून हे पत्र मराठीत आहे.

तर बातमी अशी, की मुलांची खोली झाली! आणि अशी झाली आहे, की या पाकिटाला दोन तिकिटं लागणार. पाडव्याला आम्ही नव्या घरात कलश नेला तेव्हा घर उभं होतं आणि शिवप्रसादचा खिसा आडवा झाला होता. मूळ नकाशात नातवंडांना दोन खोल्या होत्या, पल्लवीला एक आणि बसूला एक. सिमेंट महागलं तशी एक खोली जिन्यात गेली. जिनाही बाहेरून. आता लातुरात घर बांधताना माणूस एकवेळ देवघर विसरेल, पण बाहेरचा जिना विसरत नाही, कारण वर क्लाससाठी बाहेरगावाहून आलेली पोरं ठेवायची असतात. आमच्या गल्लीत न्हाणीघर सोडून सगळं भाड्याने गेलं आहे. समोरच सिद्धलिंग सरांचे क्लास, आणि त्यांच्या दारात सकाळी इतक्या सायकली, की दूधवाला कॅन डोक्यावर घेऊन येतो. वरची उरलेली एक खोलीसुद्धा आमच्या चिरंजीवांनी, शिवप्रसादने, मनातल्या मनात दोन पोरांना देऊन टाकली होती. आपली लेकरं काय, हॉलमध्ये झोपतील म्हणे! मी म्हटलं, हा बसू भूकंपाच्या वेळी आईच्या पोटात होता, पुढे पत्र्याच्या शेडमध्ये रांगला आणि बांधकामाच्या वाळूत वाढला. त्याला रेघोट्या मारायला एक भिंत तरी मिळू दे. तर तो म्हणाला, "मग तुझी खोली देऊ या. तू तर शेडमधून आत येतच नाहीस."

हे धादांत खोटं आहे. मी जेवायला आत जाते. झोपायला जात नाही एवढंच. (तुला कारण ठाऊक आहे, पण पुन्हा सांगते, कारण तू विसरल्याचं सोंग करतेस. भूकंपाच्या त्या पहाटे मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला होते, आणि इकडे घरी माझ्या उशीवर, बरोबर डोकं असतं तिथे, माळ्यावरचा तांब्याचा हंडा येऊन झोपला होता. तेव्हापासून माझी खाट अंगणातल्या पत्र्याखाली. एप्रिलात तिथे पापड न तळता फुलतात, हे मान्य. पण पत्रा हलका असतो.) पण शिवप्रसादने एवढं बोलून, रिसीव्हर आपटावा तसा विषय संपवला. ज्या बाईने अख्खी हयात दुसऱ्यांचे कॉल जोडले, तिचीच लाइन कटली. मी एवढंच म्हटलं, की मुलांची खोली मी करून दाखवते, एका खोलीच्या पैशात दोघांची, आणि माझ्या खोलीचं नंतर बघू.

सूनबाईंनी, म्हणजे अंबिकाने, एक मासिक आणलं होतं. त्यात मुलांच्या खोल्या अशा, की मूल आत सोडायची भीती वाटावी. छताला ढग रंगवायचे, ही तिची कल्पना. अगं, लातुरात बाहेर ढग नाहीत, ते आत कुठून आणायचे? शिवाय ढगांच्या खाली पाढ्यांचा तक्ता, त्याच्या बाजूला मूलद्रव्यांचा तक्ता. बसू पहिलीला आहे. मी दोन्ही तक्ते नामंजूर केले आणि खिडकीखालची अर्धी भिंत शाळेच्या फळ्याच्या काळ्या रंगाने रंगवून घेतली. आता तो तिथे खडूने म्हशी काढतो आणि अंबिका त्या मोजायला लावते, म्हणजे तिचाही जीव निवतो. सेंट्रिंगच्या उरलेल्या फळ्यांची पुस्तकांची मांडणी झाली. तेलाचे रिकामे डबे घासून त्यांना झाकणं केली, त्यात खेळणी. (एकाला अजून करडीचा वास आहे. बसूच्या अस्वलालाही.) बिलकीस, मला या वयात कळलं, की आपल्याला खोली करायला किती आवडतं! मी सकाळी उठून चहाच्या आधी त्या खोलीच्या दारात उभी राहत होते.

मग पलंग. खोली एवढीशी, मुलं दोन, तेव्हा हनीफ मिस्त्री म्हणाला, पलंगावर पलंग करू. मी म्हटलं, मेले तरी नाही. या घरात कोणाच्या डोक्यावर काही असणार नाही. माळा नाही, फळी नाही, आणि पोरीच्या डोक्यावर पोरगा तर मुळीच नाही. हनीफ हसला. "अम्मा, या पलंगावर म्हैस चढवा, हलला तर हनीफची दाढी काढा." मी त्याची दाढी बघितली. दाढी दाट होती, म्हणजे माणूस खात्रीने बोलत असावा. घरातल्या सगळ्यांनी त्याच्या बाजूने मत दिलं, बसूने दोनदा दिलं. मी हरले, पण अट घातली, की खिडकीच्या कट्ट्यावर माझे पेले राहतील. ते तुला माहीत नसतील. पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यावर स्टीलच्या पेल्यांची उतरंड रचायची. जमीन जरा हलली, की पेले खाली आणि माणसं बाहेर. भूकंपानंतर इथे कितीतरी घरांत अशी उतरंड असायची. लोकांनी हळूहळू पेले उचलून त्यातून पाणी प्यायला सुरुवात केली, माझी राहिली. आमच्या गल्लीला तो आवाज अजून पाठ आहे.

रंगाने मात्र घोळ केला. रंगाचे पैसे पलंगात गेले होते, तेव्हा सिद्धलिंग सरांनी क्लास रंगवून उरलेले डबे मोठ्या मनाने आमच्याकडे पाठवले. हळदीसारखा पिवळा, खाली कॉफी रंगाचा पट्टा. खोलीत ऊन उतरल्यासारखं वाटलं, मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी वर जाऊन बघते तर तीन पोरं वह्या घेऊन खालच्या पलंगावर ओळीने बसलेली. म्हणाली, सर कधी येणार? मी विचारलं, कोणते सर? ती म्हणाली, फिजिक्सचे. (मी त्यांना विचारलं, पेला खाली का पडतो? एकालाही धड सांगता आलं नाही. फिया भरतात!) त्यांचीही चूक नाही. बाहेरचा जिना, पिवळी भिंत, काळा फळा, वर-खाली पलंग: लातुरात याला मुलांची खोली म्हणत नाहीत, ब्रँच म्हणतात.

त्यानंतर जळकोटकडचे साहेबराव आले. सोबत पत्र्याची पेटी आणि दहावीची परीक्षा दिलेली मुलगी, शिवकांता. निकालाआधीच खोली धरून ठेवायची, ही इथली रीत. गृहस्थाने जिना चढून खोली पाहिली, पलंग हलवून पाहिला, फळ्यावरच्या म्हशीही पाहिल्या आणि खूश झाला. "बाई, सोय लई झ्याक हाय. पोरीला इथंच टाकतो." मी माझ्या ठेवणीतल्या सुरात सांगितलं, की ही क्लासची खोली नव्हे, आमच्या लेकरांची खोली आहे. तो शांतपणे म्हणाला, "आमचं बी लेकरूच हाय की."

ती मुलगी पेटीच्या कडीला धरून उभी होती आणि भिंतीकडे बघत होती, जणू भिंतीलाच विचारायचं होतं. मला आपली आठवण झाली, का ते विचारू नकोस. मी दोघांना खाली शेडमध्ये चहाला नेलं. नकारच द्यायचा होता, पण उपाशीपोटी देऊ नये.

कप हातात घेतला आणि वरून पेले कोसळले!

बिलकीस, त्या आवाजाने काय झालं ते मी बोर्डिंगच्या घंटेनेही झालेलं पाहिलं नाही. "भूकंप, भूकंप!" गल्ली रिकामी, म्हणजे घरं रिकामी आणि गल्ली तुडुंब. सिद्धलिंग सरांकडे परीक्षा चालू होती. पोरं प्रश्नपत्रिकेसकट रस्त्यावर आली आणि तिथेच एकमेकांची उत्तरं जुळवू लागली. सर खडूसकट. एक जण तोंडाला साबणाचा फेस लावून. साहेबरावांनी आधी पेटी उचलली, मग मुलगी. पल्लवी माझ्या तालमीप्रमाणे अंगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन उभी. सगळं गाव बाहेर पळालं, आणि मी आत पळाले. जिना कसा चढले ते गुडघ्यांना विचार. बसू वरच्या पलंगावर उशी डोक्यावर घेऊन पालथा पडला होता. मी शिडीवरून वर चढले आणि त्याला घट्ट धरलं. त्याबरोबर भूकंप थांबला, कारण करणारा माझ्या मिठीत होता. बसूसाहेब उड्या मारून छताला हात लावायचा सराव करत होते! पलंग खिडकीला खेटलेला, खिडकीत पेले. (हनीफची दाढी अजून जागेवर आहे. म्हशीचं बोललो होतो, बसूबाबाचं नव्हे, असं त्याचं म्हणणं.)

चढले खरी, पण उतरता येईना. गुडघे वळेनात, शिडी दिसेना. शिवप्रसाद खालून सूचना देत होता, अंबिका मासिक शोधत होती, त्यात उतरायचा उपाय असल्यासारखं. हनीफ कुणाचं तरी कपाट पोचवायला उदगीर रोडला गेला होता. आणि माझ्या नाकावर वीतभर अंतरावर तो स्लॅब! मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. बसूने माझ्या पोटावर पाय टाकला आणि म्हशींची नावं सांगू लागला. हनीफ मोठी शिडी घेऊन आला तेव्हा मी घोरत होते, असा बसूचा दावा आहे. तो त्याने शाळेत, गल्लीत आणि मठात सांगितला आहे. मी कधीही घोरत नाही, तू साक्षीदार आहेस.

असो. पत्राचं मुख्य कारण राहिलंच. खोलीला पडदा हवा. तुझ्या मुलाच्या, शारिकच्या, दुकानात स्वस्तातलं, न विटणारं, म्हशींशी जमेल असं कापड असेल तर पाठव. तुझ्या नातीला, मनतशाला, आशीर्वाद, नाजियाला उरलेला आदाब मिळाल्याची पोच दे.

तुझी,
जगदेवी

ता.क. पडद्याचं कापड नको. बसू म्हणतो, पलंगावरून कडुलिंब दिसतो तो झाकू नका.

आणखी ता.क. सिद्धलिंग सरांनी रंग परत मागितला आहे. भिंत खरवडून न्या, असं कळवलं. पेले मी काढलेले नाहीत, पण आता ते खिडकीत नसून शेडमध्ये आहेत.

शेवटचं ता.क. हे मनतशाला वाचायला देऊ नकोस. मी साहेबरावांना हो म्हटलं. शिवकांता जूनमध्ये येणार, मुलांच्या खोलीत नव्हे, माझ्या खोलीत, माझ्यासोबत. तिच्यासमोर मोठं माणूस म्हणून मी आत झोपले पाहिजे. त्या दिवसानंतर मी माझ्या खोलीत आडवी होऊन बघितलं, आणि दर वेळी उशी घेऊन शेडमध्ये परत आले. पलंगावर झोप लागली ती बसूचा पाय अंगावर होता म्हणून, हे तुलाच सांगते. तेव्हा मे महिन्यात तू ये. बोर्डिंगातल्या पहिल्या रात्री मी रडत होते तेव्हा शेजारच्या पलंगावरून तुझा पाय माझ्या पलंगावर आला आणि सकाळपर्यंत तिथेच राहिला. पलंग आखूड होता म्हणून, असं तू आजवर सांगत आलीस. इथल्या खाटा हनीफने चांगल्या लांब केल्या आहेत. तरीही पाय टाक.