रविवारच्या आत डॉक

२ नोव्हेंबर, रविवार
गिरिजाआत्याकडे मुलगी बघितली. भुवनेश्वरी. दुधनीची, इथं सोलापुरात एका ऑफिसात हिशेब बघते. मी लग्नाला उत्सुक नाही, आत्याच्या समाधानासाठी गेलो. शर्ट नवा होता हा योगायोग. बोलता बोलता म्हणाली, आमच्या ऑफिसात विंडोज न्हाई, सगळीकडं लिनक्सच हाय की. माझा पोह्याचा चमचा हवेतच राहिला. आजवर माझ्याशी लिनक्स हा शब्द बोललेली ही पहिली बाई.
येत्या रविवारी ती आणि तिचा भाऊ सिद्धाराम माझा फ्लॅट बघायला येणार. घर ठीकच आहे. कॉम्प्युटरचा स्क्रीन मात्र लाजिरवाणा. खाली आयकॉनची देखणी पट्टी पाहिजे, म्हणजे डॉक. एका संध्याकाळचं काम.

३ नोव्हेंबर, सोमवार
चिंचोळीहून, कारखान्यातून आलो तो तडक बसलो. ‘प्लँक’ नावाचा डॉक लावला. साधा, हलका, स्वच्छ. पण फारच साधा. माणूस कंजूष वाटेल. काढला.
तिचा मेसेज: पोचलात का घरी? उत्तर द्यायचं राहिलं. आधी डॉक, मग संसार.

४ नोव्हेंबर, मंगळवार
‘कैरो-डॉक’. आयकॉन उड्या मारतात, पेट घेतात, खाली त्यांची सावली हलते. बराच वेळ बघत बसलो. लग्नाच्या मांडवासारखं दिसतं. घाई झालीय असं वाटेल. काढला.
तिचा मेसेज: तुम्ही एकटेच राहता, मग दिवसभर बोलता कुणाशी?
प्रश्न खोल आहे. विचार केला. कारखान्याच्या गेटवर वॉचमन येडू असतो. तो म्हणतो, या साहेब. मी म्हणतो, हं. हे कळवणं बरं दिसेना. लिहिलं: सध्या डॉक निवडतोय, रविवारी दाखवतो. तिनं ‘बरं’ लिहिलं. त्या ‘बरं’मधली उत्सुकता लपत नव्हती.

६ नोव्हेंबर, गुरुवार
‘लाटे डॉक’. सगळ्यांत देखणा. बनवणाऱ्यानं केव्हाच काम सोडून दिलंय, आता त्याला कुणी विचारत नाही. वाईट वाटलं. म्हणून लावला. जागा करायला जुनी पट्टी काढून टाकली. आता पट्टी नाही, आणि डॉकही उघडत नाही. काळा स्क्रीन. घाबरण्यासारखं काही नाही.
आत्याचा फोन. घर झाडलास का? चादर बदललास का? म्हटलं, आधी सिस्टीम. ती कन्नडमधून काहीतरी बोलली आणि फोन ठेवला. मला कन्नड चांगलं येतं. तरी ते इथं लिहिणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
रजा टाकली. सगळी सिस्टीम नव्यानं चढवली. शेवटी प्लँकच. खरं तर पहिल्यापासून माझं तेच मत होतं. आयकॉन मोजकेच ठेवले, शेवटची जागा रिकामी सोडली. तिच्या आवडीचं काहीतरी येईल तिथं.
फरशी उद्या सकाळी लवकर उठून.

९ नोव्हेंबर, रविवार
उशिरा उठलो. ते वेळेवर आले.
घरात खुर्ची एकच, कॉम्प्युटरपुढची. तिच्यावर मी. हे लक्षात आलं तोवर दोघं पलंगावरचे कपडे सरकवून बसले होते. डॉक दाखवला. माऊस नेला की आयकॉन मोठे होतात, काढला की लहान. सिद्धाराम म्हणाला, मग? मी म्हणालो, मग परत मोठे होतात.
भुवनेश्वरी पाणी प्यायला आत गेली. परत येऊन हळूच म्हणाली, पेला एकच दिसला. कुणी येत न्हाई का तुमच्याकडं? मी म्हणालो, येतात की, लई जण येतात. ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलायला हवं होतं. म्हणालो, ह्याचा रंग काळासुद्धा करता येतो.
चहा करायचा राहिला. एकंदर छाप उत्तम पडली.

१० नोव्हेंबर, सोमवार
आत्याचा फोन. नकार. मुलगी म्हणाली म्हणे, माणूस वाईट न्हाई, पण आपण बोलायला बसलं की ते दुसरीकडंच बघत्यात. शेवटी आत्या म्हणाली, अमरेश, जेवलास का? मी म्हटलं, हो.
जेवलो नव्हतो. माझ्या मते नकार पक्का नाही. लोक घाईत बोलतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार
जेवणाच्या सुट्टीत तिचा मेसेज! ती पट्टी कुठली होती? आमच्या ऑफिसात लावायची हाय.
पक्का नव्हताच नकार. डबा तसाच ठेवून उत्तर लिहिलं. कुठून घ्यायचा, कसा चढवायचा, आयकॉन कसे रचायचे, सगळं. चुकू नये म्हणून दोनदा वाचलं. खाली लिहिलं: काही अडलं तर केव्हाही फोन करा. मी घरीच असतो.
संध्याकाळी उत्तर आलं. लागली पट्टी. थँक्यू दादा.
फोन बाजूला ठेवला. थोड्या वेळानं परत उघडून बघितला.
दादाच लिहिलंय.