टेक आउटचं माझं वाक्य

बाबा, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होत आली आणि आज मी तुमच्याशी बोलायला बसलेय ते एका इंग्रजी शब्दावरून. हसू नका. टेक. वर्धेच्या शाळेत दरवर्षी मी हा शब्द सातवीला शिकवते आणि दरवर्षी पोरी वैतागतात. औषध घ्यायचं तरी टेक, फोटो काढायचा तरी टेक, वेळ लागला तरी टेक. विमान उडालं की टेक ऑफ आणि चप्पल काढली तरी टेक ऑफच. जाम गावातल्या आपल्या किराणा दुकानात पोत्यावर बसून मी हे घोकायचे, तेव्हा तुम्ही साखर तोलता तोलता म्हणाला होतात, "एका शब्दात एवढा माल कसा मावते वं?" मला तुमची लाज वाटली होती. आता वाटतं, यापेक्षा शहाणा प्रश्न माझ्या वर्गात कोणी विचारलेला नाही.

तेव्हाच्या आमच्या इंग्रजीच्या बाई पुस्तकातलं वाक्य घ्यायच्याच नाहीत. प्रत्येक अर्थाचं एक वाक्य घरून आणायचं, आणि तेही घरात खरंच घडलेलं. टेक आफ्टर म्हणजे कुणावर जाणं. ते माझ्याकडे तयार होतं, नाक तुमचंच आहे. टेक आउटला, म्हणजे बाहेर काढण्याला, मात्र पंचाईत झाली. शेजारच्या बाकावरच्या मुलीनं विहिरीत पडलेली शेळी बाहेर काढल्याचं वाक्य आणलं. बाईंनी तिला सगळ्या वर्गापुढे उभं करून शाबासकी दिली. आपल्या घरी काय निघायचं? डब्यातून डाळ! माझा नुसता जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू. मग मी लिहिलं, "माय फादर विल टेक मी आउट ऑफ स्कूल." माझे वडील मला शाळेतून काढणार आहेत. बाईंनी वाचलं आणि वही मिटली. मला वाटलं, वाक्य जमलं.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर बाई थेट दुकानावर येतात. समोर चार गिऱ्हाइकं उभी. "एवढी हुशार पोर, आणि तिला शाळेतून काढता? लग्न उरकायचंय का इतक्यात? काही वाटतं का तुम्हाला?" तुमच्या हातातला तराजू तसाच राहतो. तुम्ही बाईंकडे बघता, मग माझ्याकडे. मी मान खाली घालते. माझ्यासाठी हिंगणघाटहून डिक्शनरी आणणारा, दुकानातला एकुलता एक पंखा माझ्याकडे वळवून ठेवणारा माणूस म्हणतो, "चुकलं बाई माह्यं. नाई काढत आता. शिकू द्या तिले."

बाई गेल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "काय सांगतलं वं तू बाईले?" मी म्हणाले, "काईच नाई." तुम्ही "बरं" म्हणालात आणि ताटकळलेल्या गिऱ्हाइकाची साखर बांधून दिलीत. पुढे कित्येक दिवस लोक तुम्हाला टोचायचे, "काऊन हो शेठ, पोरीले शाळेतून काढून राह्यले होते म्हणे?" तुम्ही नुसते हसायचात. त्या हसण्याचा मला अजून राग येतो, बाबा. एक कानाखाली वाजवली असतीत तर मी सुटले असते.

परवा नालवाडीत बाईंचा सत्कार झाला. ऐंशी पार केली त्यांनी, पण आवाज तस्साच खणखणीत. माइकवरून माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिच्या वडिलांनी हिला घरी बसवलीच होती. मी दुकानात जाऊन खडसावलं, म्हणून आज ही शिक्षिका आहे." ही गोष्ट त्या जिथं तिथं सांगतात. यावेळी उभं राहून खरं काय ते सांगायचंच, असं मी घरून ठरवून गेले होते. उभीही राहिले. माइक हातात आला. बाई इतक्या कौतुकानं बघत होत्या की माझ्या तोंडून निघालं, "बाई नसत्या तर मी कुठे असते कोण जाणे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

हे पत्र खरं तर बाईंना लिहायला हवं होतं. त्या आहेत अजून, त्यांचा पत्ताही माझ्याकडे आहे. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही आताही काही बोलणार नाही.