हेलिकॉप्टरला गेलेला पोळ्याचा मान

मु. पो. पेडगाव, जि. परभणी
अधिक भाद्रपद शुद्ध पंचमी, सन १९७४

रा. रा. बन्सीधरराव जावईबापू यांस नागनाथचा रामराम. (वयानं तुमी लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर मानानं मोठे. नमस्कार लिहावा तर तुमच्या सासूबाई म्हणतात, पोराला पाप लागेल. लग्नाला तीन वर्षं झाली तरी माझा हा घोळ मिटलेला नाही, म्हणून मधला रामराम पाठवलाय. तुमाला पाहिजे तिकडून धरा.) इकडं सर्व खुशाल. पाऊस बरा आहे, कापूस कमरेला लागलाय. तुमच्या सासूबाईंचे गुडघे दुखायलेत, जीभ मात्र ठणठणीत आहे. चि. सौ. गीताची तब्येत कळवावी. हैदराबादचं पाणी तिला मानवलं असेलच, दोन वर्षांत इकडं फिरकली नाही त्यावरून समजतंच. आपला नवाब (लग्नात तुमी ज्याला पाठ खाजवायला गेलात आणि मांडवाबाहेर पळालात तो पांढरा बैल) आता म्हातारा झालाय. कानांनी ठार बहिरा आहे. मागून फटाका लावला तरी ढिम्म हलत नाही, पण हिरव्या पाल्याचा वास त्याला कोसावरून येतो.

आता मुद्दा. गावात माझी इज्जत सध्या हेलिकॉप्टरला टांगलेली आहे आणि ती खाली काढायला तुमच्याशिवाय माणूस नाही. चार पानं होतील, पण फुरसत काढून वाचा.

तुमच्या देवगाव फाट्याकडची रीत वेगळी, म्हणून आमची सांगतो. आमच्या गावात पोळ्याचा मान फिरता आहे. बारा घरं, बारा वर्षं. ज्याची पाळी असेल त्यानं वेशीत तोरण बांधायचं, त्याच्या बैलानं सगळ्यांत आधी तोरण तोडायचं आणि मग गावाची बाकी बैलं आत सोडायची. ज्यानं तोरण तोडलं त्याचा मान. ज्याच्या बैलाला ते जमलं नाही त्याचा मान पुढच्या घराला, आणि त्यानं पुन्हा बारा वर्षं वाट बघायची. माझ्या पुढचं घर तात्यारावचं. गेल्या पाळीला, म्हणजे बारा वर्षांपूर्वी, माझा तेव्हाचा बैल वेशीत आला, तोरणाकडं बघितलं आणि खाली बसला. दिवेलागणीपर्यंत उठला नाही. मान तात्यारावला गेला. तेव्हापासून तात्याराव मला कुठंही भेटला, चावडीत म्हणा, बाजारात म्हणा, मयतीत म्हणा, की हात पुढं करून अदबीनं "बसा" म्हणतो. बारा वर्षं मी ते ऐकलंय, बापू. या वर्षी पाळी माझी होती. मी अठ्ठावन्नचा, नवाबचं आता काही खरं नाही. पुढच्या पाळीला आमच्यातलं कोण शिल्लक राहील हे मारुतीलाच ठाऊक. म्हणून मानवतहून निळी नायलॉनची दोरी आणली, तिच्यात आंब्याचा कोवळा पाला स्वतः ओवला आणि तोरण वेशीच्या दोन खुंट्यांना गुंडाळून दिलं. त्यात विमान येईल असं कोणाच्या स्वप्नात होतं?

विमान कसं आलं ते ऐका. कापसावर बोंडअळी लय पडली, तेव्हा औषध वरून फवारायचं ठरलं. बातमी आली तसं गाव माझ्या दारात. कारण तुमी. मी कधीच म्हटलेलं नाही की जावई विमान चालवतात. मी एवढंच म्हटलं की जावई विमानात आहेत. पुढचं लोकांनी लावलं, आणि लोकांचं मन कशाला मोडायचं म्हणून मी गप्प बसलो. (तुमी विमानाच्या चाकांत हवा भरता ही गोष्ट घरात तिघांनाच माहीत आहे: मला, तुमच्या सासूबाईंना आणि नवाबला.) तर लोक म्हणाले, नागनाथ, विमानाची सगळी हकीकत सांग. तुमचं गेल्या दिवाळीचं पत्र, ज्यात तुमी विमानाच्या जाती सविस्तर लिहिल्या होत्या, ते मी दोनदा वाचून काढलं आणि पोळ्याच्या आदल्या सांजेला चावडीवर उभा राहिलो.

बापू, त्या सांजेला मी असा बोललो की कीर्तनकारानं उपरणं खाली ठेवावं. पंखवाल्या विमानाचं सांगितलं. एसटीतून मानवतला जाताना हात खिडकीबाहेर काढा, तळवा जरा वर तिरपा करा, हात आपोआप वर जातो, विमानाचा पंख तोच तळवा. (दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत डाव्या बाजूचे झाडून सगळे हात बाहेर होते, कंडक्टर बेजार झाला.) पण हात वर जायचा तर एसटी पळाली पाहिजे. उभ्या गाडीत हात कितीही तिरपा करा, काही होत नाही. म्हणून पंखवाल्याला आधी लांब पळावं लागतं, त्याला अर्ध्या गावाचं गायरान पाहिजे. जेटचं सांगितलं: जत्रेतला फुगा तोंड न बांधता सोडला की हवा मागं आणि फुगा पुढं. बिनइंजिनाचं विमान घारीसारखं, पंख न हलवता गरम हवेवर तरंगतं. आणि शेवटी हेलिकॉप्टर, कारण तेच येणार होतं. त्याचा पंख डोक्यावर गरगर फिरतो, म्हणून गाडी जागेवर उभी राहिली तरी पंख पळतच असतो. तो हवा खाली ढकलतो आणि त्या हवेवर हेलिकॉप्टर उभं राहतं. शेपटीला बारका पंखा कशाला, तर विहिरीवरची मोटर बोल्ट ढिले ठेवून चालू केली की उलट्या अंगाला झटका देते, तसं मोठ्या पंख्यामुळं हेलिकॉप्टरचं धड उलटं फिरायला बघतं, त्याला शेपटीचा पंखा धरून ठेवतो. लोक माना डोलवायलेत. म्हाताऱ्या दत्तराव पाटलांनी (ऐंशीच्या पुढं आहेत, गावचा निवाडा अजून त्यांच्याकडंच) दोनदा विचारलं, हवेवर उभं ऱ्हातं म्हणजे पाय ठेवल्यासारखं का? मी म्हटलं, अगदी पाय ठेवल्यासारखं. बापू, मला तिथंच कोणीतरी गप्प बसवायला पाहिजे होतं.

उतरायच्या जागेवर चुन्याची फुली मारायची जिम्मेदारी अर्थात माझ्याकडं आली. शहाण्या माणसानं ती लांब गायरानात मारली असती. पण मी विचार केला, याला पळायला जागा लागत नाही, मग बायाबापड्यांनी एवढ्या लांब का जावं? वेशीपासून साठ पावलांवर झकास फुली मारली. शेतकी खात्याच्या साहेबांनी सांगितलं होतं, हेलिकॉप्टर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला येणार. ते आलं पोळ्यालाच.

वेळ कोणती साधली बघा. सगळी बैलं वेशीबाहेर ओळीनं उभी, अंगावर झुली, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग. सगळ्यांत पुढं नवाब, तोरणापासून दोन हातांवर. वाजंत्री लागलेली. तुमच्या सासूबाई ओवाळायचं ताट घेऊन त्याच्यापुढं. आणि मानवतच्या अंगानं धडधड आली. मी नवाबचा कासरा सासूबाईंच्या दुसऱ्या हातात दिला (मला बोट करून दाखवायला हात मोकळे पाहिजे होते) आणि गावाला सांगायला लागलो, तो बघा डोक्यावरचा पंख, तो शेपटीचा. सगळं गाव वर बघायलं, मीही वर बघायलो. ते फुलीवर उतरायला लागलं आणि मग वारा सुटला. धूळ अशी की दुपारची सांज झाली. सतरा पटके उडाले, त्यातले तीन अजून बदललेले आहेत. बैलं झुलींसकट चौखूर उधळली. तात्यारावचा खोंड थेट नदीपलीकडं सापडला, बाशिंग शेपटीत. धूळ बसली तेव्हा वेशीत नवाब एकटा उभा होता, डोळे मिटून, अंगावर माती घेऊन रवंथ करायलाय, जसं काही झालंच नाही. सासूबाई शेजारी, ताटातली वात विझलेली. आणि वर तोरण नव्हतं. ना पाला ना दोरी. वाऱ्यानं कुठं नेलं कोणास ठाऊक, पोरं पाच दिवस शोधायलीत.

पुढचा तासभर मात्र असा आनंदाचा गेला की मान-अपमान कोणाच्या ध्यानात राहिला नाही. पायलटसाहेब उतरले, घाबरलेले, वाटलं आता मार बसतो. मी निजामाच्या मदरशात चौथीपर्यंत उर्दू शिकलेला, पुढं झालो, म्हटलं, "साहब, घबराव नको, आज बैलां का तेहवार है." तोवर बायांनी हेलिकॉप्टरला ओवाळलंही. धुरपताबाईनं त्याच्या काचेला कुंकू लावलं, कोणी गळ्यात घुंगरमाळ घालायला गेलं आणि गळा सापडेना म्हणून शेपटीला बांधली. शेपटीच्या पंख्याला गेरू तेवढा साहेबांनी लावू दिला नाही. साहेबांनी सहा पुरणपोळ्या खाल्ल्या, दत्तराव पाटलांना आत बसवून पंखा सुरू केला, आणि पाटील असे हसले की त्यांचा एकुलता एक दात गावानं पहिल्यांदा बघितला. पहिल्या लग्नातसुद्धा एवढी मजा आली नव्हती असं ते उतरल्यावर म्हणाले. (पाटलीणबाई दुसऱ्या आहेत, त्या खूश झाल्या आणि नंतर विचार करून रुसल्या.)

साहेब गेले आणि पारावर पंचायत बसली. तात्याराव म्हणाला, नागनाथच्या बैलानं तोरण तोडलं नाही, पाळी गेली, मान माझा. मी म्हटलं, तोरण वाऱ्यानं तुटलं, वाऱ्याला कुठं मान असतो, पुन्हा बांधू. तेव्हा पाटलांनी चिलीम खाली ठेवली. "नागनाथा, तूच म्हनलास ना चावडीवर, की ते हवेवर पाय ठेवल्यावानी उभं ऱ्हातं? मग हवा म्हंजे त्याचे पायच झाले. पाय त्याचे, तोरण त्यानं तोडलं, मान त्याचा." माझीच विद्या माझ्याच गळ्यात. मग पाटील म्हणाले, आता ते कोणाच्या दावणीचं ते सांगा. आणि बापू, सगळं गाव माझ्याकडं वळलं. विमानांशी सोयरीक गावात एकाच घराची. म्हणजे मान फिरून माझ्याच दारात आला.

पण तात्याराव सोडतो काय? त्याची दरखास्त अशी की जावयानं स्वतः यावं आणि मारुतीपुढं सांगावं की हेलिकॉप्टर आमच्यातलं आहे. हा अधिक महिना सरायच्या आत. नाहीतर मान त्याचा. पंचांनी ते कबूल केलं. तेव्हा एवढीच विनंती की धोंड्याच्या महिन्याचं निमित्त आहेच, तेहतीस अनारसे तळायचं ठरलंय, तुमी चार दिवसांची रजा काढून यावं, पारावर उभं राहून एक वाक्य बोलावं आणि मला बारा वर्षांच्या "बसा"मधून सोडवावं.

कळावे, लोभ आहेच, तो या महिन्यात जरा जास्त असावा.

तुमचा,
नागनाथ

ता. क. गणवेशाची टोपी असल्यास आणावी. नसल्यास कोणाची तरी आणावी.

ता. क. दुसरा. चाकांचा विषय काढू नये. ते हेलिकॉप्टर मी खालून नीट बघितलंय, त्याला चाकंच नाहीत, नुसत्या दोन लोखंडी नळ्यांवर बसतं. तात्यारावनंही बघितलंय. तुमी चाकवाले आहात हे त्याला कळलं तर सोयरीक तिथंच तुटली.

ता. क. तिसरा. दोघांचा एसटीचा प्रवास दगदगीचा, पावसाचे दिवस, म्हणून चि. गीताला आणलंच पाहिजे असं नाही. तुमी एकटे आलात तरी काम होतं.

जावईबापूंस चांगुणाबाईचा आशीर्वाद. ह्यांनी पत्र भाताच्या शितानं डकवायला माझ्याकडं दिलं. मी बी तिसरीपर्यंत शिकलेली हाय, हे ह्यांच्या ध्यानात ऱ्हात न्हाई. समदं वाचलं. तोरण हवेनं तुटलं न्हाई. वाऱ्यानं ते खाली लोंबलं, नवाबनं मान वर केली, पाला तोंडात धरला आन दोरीसकट वढून खाल्ला. समदं गाव वर बघायलं, खाली मी एकलीच. सांगणारच होते, तेवढ्यात पाटील म्हनले जावयाला बोलवा, आन मी तोंडातला शब्द गिळला. काल गोवऱ्या थापताना शेणात निळी दोरी घावली, गाठीसकट. धुवून मिठाच्या मडक्यामागं ठेवलीया. हे अजून ह्यांना म्हाईत न्हाई. दोन वर्सं झाली, लेकीचं तोंड बघितलं न्हाई. जत्रंला बोलवलं तर रजा न्हाई, दिवाळीला बोलवलं तर रजा न्हाई. तुमी विमान उडवा न्हाईतर चाकात हवा भरा, मला दोन्ही सारखंच. गीताला घेऊन आलात तर दोरी पंचांपुढं ठेवीन, तुमाला खोटं बोलायचं बी काम न्हाई. एकटे आलात तर चुलीत घालीन, मग ह्यांना अजून बारा वर्सं बसू द्या.