काय वाटलं?

सोमवार, ३ तारीख
आले बाबा एकदाची! नवी खोली, चष्म्याच्या दुकानात नवी नोकरी, खिडकीत भरपूर ऊन. ताईनं फोनवर विचारलं, जेवलीस का? जेवले, म्हटलं. बिस्किटांचे तीन पुडे उभ्या उभ्या फस्त केले, हे नाही सांगितलं. समुपदेशक बाईंनी वही करायला सांगितलीय. एका रकान्यात काय खाल्लं, दुसऱ्यात त्याआधी काय वाटलं. नवीकोरी घ्या, म्हणाल्या होत्या. पण ओट्याखालच्या खणात आधीच्या भाडेकरणीची सापडली, रकाने आखलेली, अर्धी कोरी. तिनं खाणं इमानेइतबारे लिहिलंय, 'काय वाटलं' मात्र एकदाही नाही. लबाड! मला चालेल.

गुरुवार, ६
दुकानात सगळे घोळक्यानं जेवतात. मला कुणी हाक मारली नाही. घरी येऊन ब्रेडचा अख्खा पुडा काढला. बाई म्हणाल्या होत्या, आधी लिहा, मग दहा मिनिटं त्या भावनेजवळ नुसतं बसा. भूक उरली तर खुशाल खा, कुठलंच खाणं पाप नसतं. लिहिलं, एकटं वाटतंय. लिहिताक्षणी ते वाटणंच गेलं, बसायची वेळच आली नाही! दोन स्लाइस खाल्ले, बाकीचे ठेवून दिले. आनंदानं रडले.

रविवार, ९
'एकटं वाटतंय' वहीतून पुसलं गेलंय. शाई भिकार असेल. राग लिहिला, शरम लिहिली. तीही गेली, वहीतून आणि माझ्यातूनही. बाईंना फोन केला. वाटणं घालवायचं नसतं हो, म्हणाल्या, वही घेऊन या. हरवली, म्हटलं. खोटं बोलल्याची शरमसुद्धा वाटली नाही.

बुधवार, १२
ताईचा फोन. ठेवल्यावर हात केकच्या खोक्याकडे गेला. घाईनं लिहिलं, ताईची फार आठवण येते. केकला बोटही लावलं नाही. वहीचं पान कोमट लागलं.

शुक्रवार, १४
सकाळी एका बाईचा फोन. रडत म्हणाली, अगं, मी ताई! चुकीचा नंबर, म्हटलं.
आता या डायरीची मागची पानं वाचली. ताई, ताई — अक्षर माझंच. कोण ही?

शनिवार, १५
वही कचऱ्यात टाकली. ओट्यावर परत. 'काय खाल्लं'च्या रकान्यात, मी न लिहिलेलं, माझ्या अक्षरात: एकटेपणा. राग. शरम. ताई.
भीती वाटतेय. ही भीती वहीला देणार नाही. दहा मिनिटं हिच्याजवळ बसले. ती गेली नाही. माझी आहे. मग भूक लागली, खरी भूक. एक अंडं उकडून खाल्लं. किती छान लागलं!

रविवार, १६
वही उपाशी आहे —
भर दुपारी दार वाजतंय. एक बाई. डबा आणलाय म्हणते, उघड म्हणते.
उघडायला हवं —
वहीत नवी ओळ उमटतेय. कुणाचंतरी नाव. बाहेर ती तेच नाव घेऊन हाका मारतेय. मघापर्यंत ते माझं —