बाळाच्या आजाराचं नाव

उंब्रज, ४ डिसेंबर १९७७

प्रिय रशीदा,

घाबरू नकोस, पायाला पट्टी आहे पण मी ठीक आहे. खूप खूश आहे, तरी अक्षर नीट काढतोय. काल नानासोंचा बैल पाडून जुना नाल काढत होतो. त्याने पाय झटकला आणि गंजका खिळा माझ्या तळव्यात घुसला. आपल्या रीतीने मी जखमेवर शेण लावायला गेलो, तर नानासो पलटणीतल्या आवाजात ओरडले, "मरायचंय व्हय रं बशीर? चल दवाखान्यात!"

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि बजावलं, जबडा आखडला, गिळताना त्रास झाला तर तसाच धावत ये. आपल्या पहिल्या बाळाचं असंच झालं होतं ना? मी सगळं सांगितलं. सुरुवातीला पोटभर प्यायचा, मग एकाएकी तोंड उघडेना. ओठ ताणून हसल्यासारखा चेहरा, दार वाजलं तरी झटका, पाठ कमानीसारखी. नाव ठेवायच्या आत गेला.

बाई म्हणाल्या, हा धनुर्वात! शेणामातीत त्याचे जंतू असतात. कापलेल्या नाळेतून शिरतात, आणि त्यांचं विष एकेक स्नायू आवळत जातं, शेवटी श्वासाचेही. नजर नाही, बाधा नाही! आणि तो टाळता येतो, रशीदा! आई गरोदर असतानाच दोन इंजेक्शनं घेतली की बाळही वाचतं.

म्हणून पत्र मिळताच तुझ्या माहेराजवळच्या इस्लामपूरच्या दवाखान्यात जा, पहिलं घे. दुसरं महिन्याने, तेव्हा मी सोबत येईन. सुईण बयाबाई म्हणेल, "आवं, माज्या हातावर अर्धं गाव जन्मलंय. राख लावल्याबिगर नाळ वाळती व्हय?" तिच्याशी भांडू नकोस, चहा पाज. पण राख नाही, शेण नाही, आणि विळ्याऐवजी उकळलेलं नवं पातं.

एवढाच निरोप असता तर पुढच्या बाजारी तुझ्या भावाबरोबरही धाडला असता. तो गेल्या बाजारी भेटला होता. म्हणाला, या वेळी बाळाला तुझ्या भावजय झुबेदाभाभी पाजणार, तूच तसं ठरवलंयस. पहिलं बाळ गेलं तेव्हा बायका म्हणाल्या होत्या, आईचं दूधच नासकं. तू खाली घातलेली मान अजून वर केली नाहीस. मी बाईंना तेही विचारलं, लाज सोडून. दुधाचा काहीच संबंध नाही, रशीदा. बाळाने तुझं दूध नाकारलं नव्हतं. त्याला तोंड उघडता येत नव्हतं. भाभींनी यावं, बसावं, बाळाला खेळवावं. पाजायचं तू.

तुझाच,
बशीर